डबल बेल

वारज्यात, कालव्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र.
सोळा पलंग. त्यातले अकरा जण
आपण होऊन कुशीवर होत नाहीत.

माझ्या कमरेचा फोटो पिवळ्या पाकिटात, घरी कपाटावर असतो.
डॉक्टरांनी पेनाने दाखवलं होतं,
हा चौथा मणका, हा पाचवा, मधली गादी सरकलीय.
काय उचललंत, म्हणाले.
रांजणेबाईंना. मग गुजरबाबांना. मग परत रांजणेबाईंना.
नऊ वर्षं.
मार्केट यार्डातल्या पोत्याला तरी
किलोची हद्द असते.

ऋतुजा नवीन आहे, भोरकडची. अंगात दम आहे,
तीच तर भीती.
दम असला की माणूस एकट्याने उचलायला जातं.
तिला सांगते,
आधी हँडल फिरव, पलंग तुझ्या कमरेशी येऊ दे,
तू पलंगाशी वाकू नकोस.
ब्रेक बघ. खुर्चीचेसुद्धा.
पाय फाकवून उभी राहा, लाजतेस कुणाला?
गळ्यात हात टाकू देऊ नकोस,
मायेने टाकले तरी.
कंबर वळवायची नाही, पाऊल वळवायचं.
आणि उचलण्याआधी त्यांना सांग.
गादीला कुणी सांगत नाही,
माणसाला सांगावं लागतं.

स्टोअरात उचलायचं यंत्र आहे,
कुणाच्या तरी लेकीने आई गेल्यावर दिलेलं.
त्याच्या दांडीवर आम्ही चादरी वाळत घालतो.
झोळी कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही.

कुदळेकाका पीएमटीत कंडक्टर. स्वारगेट डेपो, एकतीस वर्षं.
झटका आला त्या दिवशी
उजवी बाजू गेली, बोलणं गेलं,
डाव्या बोटातली अंगठी तेवढी राहिली.
मी या बाजूला, ऋतुजा त्या बाजूला,
अंगाखालच्या चादरीच्या कडा गुंडाळून
मुठीत घट्ट धरतो आणि थांबतो.
काका आधी माझ्याकडे बघतात, मग तिच्याकडे.
पुढचं दार. मागचं दार.
मग पलंगाच्या कठड्यावर अंगठी,
टण टण.
गाडी निघते.

परवा रात्री ऋतुजा तापाने घरी. बदली कुणी नाही.
तीन वाजता काका ओले झालेले, पायथ्याशी घसरलेले.
म्हटलं इतकी वर्षं उचललं, अजून एकदा.
पट्टा खुंटीवरच होता.
त्यांच्या काखेत हात घातले,
टण.

एकच.

वाटलं हात थरथरला असेल.
काका, मारा की डबल.
परत एकच. आणि मागच्या दाराकडे बघत राहिले,
ऋतुजा उभी राहते तिथे.

राग आला, खोटं कशाला बोलू.
ओल्या चादरीत पडलेला माणूस
माझी गाडी अडवून बसलाय.
पाठीत कळ आली तेव्हा मात्र
हात सोडवून घेतले.

खाली जाऊन वॉचमन बोराट्यांना उठवलं.
चपला काढा, हात धुवा, इथे धरा,
पाठीने नाही, मांड्यांनी जोर लावा.
मला नाही जमायचं बाई, म्हणाले.
म्हटलं तुम्ही फक्त मागच्या दाराशी उभे राहा,
पुढचं काका बघतील.

काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं,
बिनतिकीट चढलेल्याकडे बघावं तसं.
बराच वेळ.
मग टण टण.

सकाळी मॅडमना सांगितलं, रात्रपाळीला दोघी हव्यात
आणि झोळी शोधा.
बघू, म्हणाल्या.

रजिस्टरात लिहिलं,
तीन चाळीस. पेशंट वर घेतला, कपडे बदलले.
उचलणारे: दोन.
झाकण लावता लावता पेन परत उघडलं,
दोन खोडलं,
तीन केलं.